मोरीच्या पाण्याचा गनिमी कावा

कोकणातल्या जुन्या घरांच्या मागं जाऊन बघा. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं अळू माजलेलं असतं, पुढं एखादी केळ. त्यासाठी कुणी नकाशा काढला नव्हता की परवानगी घेतली नव्हती. उतार होता, पाणी गेलं. म्हणूनच हीच गोष्ट कॅलिफोर्नियात कैक वर्षं बेकायदा होती, हे वाचून मला आधी हसू आलं. मग कायद्यामागचा तर्क कळला.

एकोणिसाव्या शतकात पटकी आणि विषमज्वरानं शहरंच्या शहरं हैराण झाली होती. भुयारी गटारांनी त्यातून सोडवलं. त्या धास्तीतून प्लंबिंगचे नियम आले: घराबाहेर पडणारं सगळं पाणी म्हणजे मैलापाणी. संडासाचं आणि कपडे धुतलेलं पाणी एकाच रकान्यात. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर बूलियन. स्वच्छ किंवा घाण, मधलं काही नाहीच.

दुष्काळानं हा रकाना फोडला. 1987 ते 1992 या काळात कॅलिफोर्निया कोरडा पडला. सांता बार्बरात हिरवळीला पाणी घालायला बंदी आली, तेव्हा लोकांनी वाळलेल्या गवताला चक्क हिरवा रंग मारून घेतला! त्याच सांता बार्बरानं 1989 मध्ये अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी बागेला द्यायला परवानगी दिली. 1992 मध्ये राज्याचा कायदा झाला.

पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातून गटार गेलं नव्हतं. परवाना काढा, आराखडा द्या, नळ्या जमिनीत पुरा. झाडांना मिळणाऱ्या पाण्यापेक्षा खर्चच मोठा. साहजिकच लोक गुपचूप नळ्या जोडत राहिले. 1999 मध्ये ओकलंडमध्ये तर एका गटानं स्वतःचं नावच 'ग्रेवॉटर गुरिल्लाज' ठेवलं. करड्या पाण्याचे गनीम! ही मंडळी नियम मोडून नळजोडणी करत आणि इतरांनाही शिकवत.

शहाणपण दाखवलं ते शेजारच्या ॲरिझोनानं. 2001 मध्ये त्यांनी ठरवलं की दिवसाला 400 गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे 1500 लिटर करडं पाणी वापरायला अर्जच नको. फक्त अटी पाळा. पाणी साचू देऊ नका, कुंपणाबाहेर जाऊ देऊ नका, फवारू नका. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत चांगला मसुदा वाटतो, कारण सामान्य माणसाला तो पाळता येतो.

कॅलिफोर्नियाला तिथं पोचायला आणखी एक दुष्काळ लागला. फेब्रुवारी 2009 मध्ये राज्यात दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये वॉशिंग मशीनच्या पाण्याला परवान्यातून सूट मिळाली. रचना अगदी साधी. मशीनमधला पंप पाणी बाहेर फेकतोच. त्याला एक तोटी जोडायची, एकीकडे गटार, दुसरीकडे बाग. पाणी झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पालापाचोळ्याखाली सोडायचं. बाळाचे लंगोट धुवायचे असतील तर तोटी गटाराकडे. साबणात मीठ आणि बोरॉन कमी हवं, नाहीतर झाडं जळतात. पाणी टाकीत साठवूनही ठेवायचं नाही. दिवसभरात वास मारायला लागतं.

आणखी एक अट आहे: कंदमुळांना हे पाणी चालत नाही, खायचा भाग मातीला टेकलेला असेल तरीही नाही. म्हणजे आपल्या न्हाणीमागच्या अळूचं फदफदं करायला हरकत नाही, अळकुड्या मात्र बाद.