भोगीची भाजी परसातली : हिवाळी बियाण्यांची यादी आणि परसबागेची आखणी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आपल्यातल्या बऱ्याच घरी मिसळीची भाजी होते. वांगी, वालाचे दाणे, गाजर, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, बोरे आणि वरून तिळाचे कूट. सोबत तीळ लावलेली भाकरी. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचीही भोगी त्याच दिवशी असते. त्यांच्या अंगणात पहाटे शेकोटी पेटते, आपल्या चुलीवर भाजी शिजते.

परसात, म्हणजे आपल्याकडे म्हणतात त्या सांदवाडीत, १० फूट बाय २० फूट जागा असली तरी या भाजीतले बहुतेक जिन्नस घरचे होऊ शकतात. मात्र त्याची आखणी भाद्रपदातच करावी लागते. थंडी सुरू झाल्यावर बियाणे आणायला निघालो, तर भोगी हुकते. जैनथ आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या कुटुंबांसाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

कॅटलॉग कधी वाचायचा?

बियाण्यांचा छापील कॅटलॉग घरपोच मागवून बागेची आखणी करण्याची पद्धत थंड देशांत फार रुजली. अमेरिकेत फिलाडेल्फियाची बर्पी ही कंपनी १८७६ साली सुरू झाली आणि टपालाने बियाणे पाठवण्यासाठी नावाजली. आपल्याकडे पुण्याची पेस्तनजी पोचा ही बियाण्यांची पेढी १८८४ सालची. तिकडे डिसेंबर-जानेवारीत जमीन गोठलेली असते. लोक घरात बसून कॅटलॉग चाळतात आणि वसंतात पेरतात.

आपले गणित उलटे आहे. आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक असला आणि काही पहाटे पारा १० अंशांखाली उतरत असला, तरी आपली जमीन गोठत नाही. उलट गाजर, वाटाणा, मेथी, कोबी यांना हीच थंडी लागते. म्हणून आपल्याकडे कॅटलॉग वाचायचा तो गणपती उठल्यावर, पितृपक्षात. दसऱ्यापर्यंत बियाणे घरात हवे. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना मुलांकडून कॅटलॉगचे फोटो येतील तेव्हा आपले गाजर उपटायला आलेले असेल.

भोगीपासून मागे मोजा

भोगी साधारण १३ किंवा १४ जानेवारीला येते. तिथून मागे दिवस मोजले की पेरणीची तारीख आपोआप निघते.

• वेलाचा गावरान वाल : हा पावसाळ्यातच, आषाढ-श्रावणात कुंपणाला लावायचा. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही, त्यामुळे शेंगा थंडीतच येतात. वेळ हुकली असेल तर ‘अर्का जय’सारखा बुटका वाल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये लावता येतो. त्याचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसते.

• वांगी : रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, लावणीनंतर पहिले फळ यायला ६५ ते ७५ दिवस. म्हणजे बी सप्टेंबरमध्येच गादीवाफ्यावर टाकायचे.

• गाजर : ९० ते १०० दिवस. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बी थेट वाफ्यात टाकायचे. गाजराचे रोप उपटून लावले की मूळ फाटे फोडते.

• हरभरा : ओल्या घाट्यांसाठी ८० ते ९० दिवस. ऑक्टोबरचा मध्य.

• वाटाणा : ‘अर्केल’सारखा लवकरचा वाण ६० ते ६५ दिवसांत येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावा.

• सांबार (कोथिंबीर) : ४० ते ४५ दिवस. नोव्हेंबरची अखेर. धने हाताने रगडून दोन फाके करूनच पेरावेत.

• मेथी : ३० ते ३५ दिवस. डिसेंबरचा पहिला आठवडा.

तारखा लक्षात राहत नसतील तर सण लक्षात ठेवा. दसऱ्याला गाजर, दिवाळीच्या आगेमागे हरभरा आणि वाटाणा, आणि जैनथच्या लक्ष्मीनारायण मंदिराचा कार्तिकातला ब्रह्मोत्सव आटोपला की सांबार आणि मेथी. तिथी पुढेमागे सरकतात, म्हणून सणाशेजारी तारीखही लिहून ठेवावी.

पाच वाफ्यांची आखणी

आपली जमीन काळी. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. पाऊस उघडल्यावर लगेच कुदळ मारू नये, ढेकळे होतात. वाफसा आल्यावरच खणावे आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. २० फूट लांबीत ३ फूट रुंदीचे पाच वाफे आणि प्रत्येकाच्या कडेने १ फुटाची पायवाट बसते. ३ फूट एवढ्यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.

१. वांगी : दोन ओळींत ८ ते १० झाडे. पाच माणसांच्या घराला पुरेशी.
२. गाजर आणि मुळा : मुळा ४० ते ४५ दिवसांत निघतो, तेवढ्यात गाजराला जागा मोकळी होते.
३. मेथी, पालक, चुका, सांबार : एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे.
४. आधी मेथी, मग कांदा : कांद्याचे रोप ऑक्टोबरअखेर टाकून डिसेंबरमध्ये लावावे. ६ इंच बाय ४ इंच अंतरावर या एका वाफ्यात सुमारे १८० रोपे बसतात.
५. टमाटे आणि मिरची : पाच झाडे टमाट्याची, पाच-सहा मिरचीची.

कुंपणाला वाल आणि एका कडेला हरभऱ्याची ओळ. न्हाणीचे पाणी वळवता आले तर साबणाचे पाणी वेगळे काढून उरलेले द्यावे. पुढच्या वर्षी वांगी, टमाटे आणि मिरची यांची जागा बदलावी. तिन्ही एकाच कुळातली आहेत, रोगही सारखेच.

आधी घरातले बघा, मग खरेदी करा

कॅटलॉगमधली रंगीत चित्रे पाहिली की दहाऐवजी वीस पाकिटे घरात येतात, हा आमचा अनुभव. म्हणून वहीत आधी तीन रकाने आखावेत : घरात आहे, शेजारी मिळेल, विकत आणायचे. तिसऱ्या रकान्यात सहसा चार-पाचच नावे उरतात.

नावापुढचे शब्दही समजून घ्यावेत. ‘पुसा’ म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे वाण. संस्था मूळची बिहारमधल्या पुसा गावची. १९३४ च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलली, पण नाव राहिले. ‘अर्का’ म्हणजे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे वाण. ‘फुले’ म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे. ‘एफ-१’ लिहिले असेल तर ते संकरित बियाणे. पीक चांगले येते, पण त्याचे बी राखले तर पुढची झाडे तशीच निघत नाहीत.

कांदा घेताना वाणाचे नाव जरूर विचारा. ‘एन-५३’ खरिपाचा, ‘एन-२-४-१’ रब्बीचा आणि साठवणीचा. अमेरिकेच्या उत्तर भागात लावतात तो कांदा आणू नये. त्याला गड्डा धरायला उन्हाळ्यातला चौदा तासांचा दिवस लागतो, आपल्याकडे त्याची नुसती पात वाढते. परदेशातून बी आणायला किंवा तिकडे पाठवायला वनस्पती-तपासणीचे कागद लागतात, हेही मुलांना सांगून ठेवावे.

दुकानातली नावे

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पैनगंगेच्या या काठी राहिलेली आपली घरे घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलतात. पाकिटांवर मात्र बहुधा तेलुगू आणि इंग्रजीच असते. आजीला बी ओळखता येते, पण पाकीट वाचता येत नाही. नातवाला पाकीट वाचता येते, पण बी ओळखता येत नाही. म्हणून खरेदीला दोघांनी मिळून जावे.

बियाणे : वित्तनालु. वांगे : वंकाय. वाल : चिक्कुडु. गवार : गोरुचिक्कुडु. मेथी : मेंतिकूर. चुका : चुक्ककूर. अंबाडी : गोंगूर किंवा पुंटिकूर. सांबार : कोत्तिमीर. कांदा : उल्लिगड्ड. मुळा : मुल्लंगी. हरभरा : शनगलु. भेंडी : बेंडकाय. दोडका : बीरकाय. कारले : काकरकाय.

यात वाल आणि गवार यांची नावे जवळची आहेत. दुकानात नुसते अर्धवट ऐकू गेले की पाकीट बदलते. दाणा बघूनच घ्यावे.

पाकीट वाचताना

१९६६ च्या बियाणे कायद्यानुसार पाकिटावरच्या लेबलाला अर्थ असतो. निळे लेबल म्हणजे प्रमाणित बियाणे, हिरवट लेबल म्हणजे सत्यतादर्शक, ज्यात गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो. लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्तीचा टक्का हे चारही बघावेत. कमीत कमी उगवण कांद्याची ७० टक्के, भेंडीची ६५, मिरची आणि गाजराची ६० टक्के अपेक्षित असते. पावती आणि रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत टाकू नये. गुलाबी-निळा रंग दिलेल्या बियांना औषध लावलेले असते. त्या लहान मुलांपासून आणि कोंबड्यांपासून दूर ठेवाव्यात.

उगवण घरीच तपासा

एका वर्षी आम्ही डब्यातले कांद्याचे बी टाकले. पंधरा दिवस पाणी घातले, वाफ्यावर काही दिसेना. दुकानदाराला बोल लावून झाला. मग पाकीट शोधले, तर ते दोन वर्षांपूर्वीचे निघाले. चूक आमचीच होती. कांद्याचे बी जेमतेम वर्षभर टिकते. वांगी आणि टमाट्याचे कोरड्या डब्यात तीन-चार वर्षे चालते.

तेव्हापासून आम्ही पेरणीआधी २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळतो. वाल, मेथी आठवड्यात कळते, कांद्याला दहा दिवस द्यावेत. २० पैकी १४ उगवल्या म्हणजे ७० टक्के. दहाच उगवल्या तर दाट पेरावे, पाचच उगवल्या तर नवे आणावे.

कोणते बी राखायचे, कोणते नाही

वाल, हरभरा, वाटाणा, मेथी आणि गावरान टमाटे यांचे बी घरी राखणे सोपे. फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. वांगी आणि मिरचीत मधमाश्या भेसळ करतात, म्हणून निवडलेल्या झाडाच्या कळीला पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि ते फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे. ‘पुसा केसर’ गाजराचे बी मैदानी भागात धरते, पण ‘नँटीस’चे नाही. ‘स्नोबॉल’ फुलकोबीलाही बीजासाठी डोंगरातली थंडी लागते, म्हणून तिचे बी हिमाचलातल्या कुलूसारख्या भागात तयार होते. ही बियाणी विकतच घ्यायची.

आमच्यातल्या एका घरी सासूकडून सुनेकडे आलेला वाल होता. रुंद शेंग, जांभळी कड, दाणा लवकर शिजणारा. दरवर्षी लागायचा. एका वर्षी घरात आजारपण झाले, पावसाळ्यात लावणे राहिले. पुढच्या वर्षी बरणी उघडली तर दाण्यादाण्याला भोक, तळाशी नुसते पीठ आणि भुंगे. तो वाल कोणत्याही कॅटलॉगमध्ये नाही, कारण त्याला नावच नव्हते. घरी त्याला ‘आपला वाल’ म्हणत.

बरणीची काळजी घ्यायलाच हवी. दाणा दाताखाली कडकन फुटेपर्यंत वाळवावा, चाळलेली राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा, वर नाव आणि वर्ष लिहावे. पण त्या घराचा वाल गेला तो मुख्यतः एकाच बरणीत होता म्हणून. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट हीच : बी दुसऱ्याला दिले की ते जास्त सुरक्षित राहते.

संक्रांतीचे वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो, आणि बियाण्याच्या जातीलाही मराठीत वाणच म्हणतो. वाल त्या सुमारास ओला असतो, म्हणून गेल्या हंगामाच्या डब्यातले राखलेले दाणे वापरावेत. डबा-वाटीसोबत कागदाच्या पुडीत वालाचे दहा दाणे किंवा चिमूटभर वांग्याचे बी द्यावे. पुडीवर चार गोष्टी लिहाव्यात : कशाचे बी, कोणत्या घरचे, कोणत्या वर्षीचे आणि कधी लावायचे. घेणाऱ्या घराने पुढच्या संक्रांतीला त्यातले थोडे परत द्यावे. ज्यांच्याकडे रुंद शेंगेचा, जांभळ्या कडेचा वाल अजून असेल, त्यांनी त्याची एक पुडी जरूर आणावी. एक कुंपण त्याची वाट बघत रिकामे ठेवले आहे.