एकतंत्री सत्ता आणि प्रजाहित : बडोद्याची साक्ष

एकतंत्री सत्ता प्रजाहितकारी असू शकते काय, असा प्रश्न निघाला की मराठी वाचकास प्रथम आठवतात ते श्रीमंत सयाजीराव गायकवाड. आणि ते योग्यच आहे. १८८१ साली त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी राहू लागली. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते याच दरबारच्या शिष्यवृत्तीवर.

याउलट, गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळाने पुढील वर्षी फेटाळले. यावरून लोकसत्तेपेक्षा राजसत्ता बरी, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु त्या मंडळात बहुमत सरकारी सभासदांचे होते. तेव्हा येथे लोकसत्ता हरली नाही. एक अनियंत्रित सत्ता दुसरीहून उदार निघाली, इतकेच.

आता याच गादीच्या मागेपुढे पाहू. सयाजीरावांपूर्वी तीवर मल्हारराव होते. ज्यांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या, ते हेच. १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले ते इंग्रज सरकारने. १९३९ मध्ये सयाजीराव निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. राज्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा असता त्यांनी १९४३ मध्ये पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह केला. राजा हाच कायद्याचा कर्ता, म्हणून कायदा त्यास बांधीत नाही, असे समर्थन पुढे आले. १९५१ मध्ये त्यांची राजपदाची मान्यता काढून घेतली ती भारत सरकारने.

तिन्ही राजांची गादी एक, अधिकार बहुतांशी तेच. भेद केवळ पुरुषाचा. प्रजेने ना सयाजीरावांस निवडले होते, ना इतर दोघांस दूर करणे तिच्या हाती होते. धारासभा होती, पण तिचा निर्णय राजावर बंधनकारक नव्हता. म्हणून आमचे म्हणणे असे की, राजा प्रजाहितदक्ष असू शकतो, एकतंत्र मात्र तसे असू शकत नाही. जे हित मागता येत नाही आणि गेल्यास परत मिळविता येत नाही, तो हक्क नव्हे; ती कृपा होय.

तथापि सयाजीरावांच्या कार्याचे मोल याने उणे होत नाही. उलट नेमके ध्यानी येते. त्यांच्या आज्ञा त्यांच्याबरोबर संपल्या. १९४९ मध्ये राज्यही मुंबई प्रांतात विलीन झाले. उरले ते साक्षर झालेले लोक, शाळा आणि ग्रंथ. राजावाचून ज्यांचे चालू शकेल अशी प्रजा घडविणे, हेच एकतंत्री सत्तेच्या हातून होऊ शकणारे सर्वश्रेष्ठ कार्य. आणि ते पूर्णत्वास गेले म्हणजे त्या सत्तेचे प्रयोजन उरत नाही.