कॅमेऱ्यावरची काळी पट्टी

छावणीतून निशातगंजला जाताना सिकंदरबाग लागते, मग गोमतीवरचा पूल. मागच्या रविवारी आउटपास काढून गेलो होतो. निशातगंजच्या गल्ल्या नंबराने ओळखल्या जातात. त्यातल्या एकीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक वयस्कर मियाँ बसतात. माझ्या कॅमेऱ्यावरची काळी पट्टी बघून म्हणाले, "फौजी साहब, नाम क्यों छुपा रखा है? चोरी का माल है क्या?"

हसलो. पण खरं उत्तर रंगरूटीतलं आहे. उस्ताद सांगायचे, शत्रूला माणूस नंतर दिसतो, चमक आधी. घड्याळाची काच, बकल, मेसटिन, सगळं झाका. कॅमेऱ्याचंही तेच. जुन्या लायकाची वरची पट्टी क्रोमची आणि कंपनीचं नाव तिच्यावरच कोरलेलं. चमक झाकली की नावही झाकलं जायचं.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर असे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकायचा. तोही आपल्यातलाच. फ्रेंच सैन्याच्या फिल्म-फोटो तुकडीत कॉर्पोरल होता. जून 1940 मध्ये जर्मनांच्या हाती लागला, पण त्याआधी त्याने लायका जमिनीत पुरून ठेवला होता. दोनदा पळताना पकडला गेला, तिसऱ्यांदा निसटला आणि कॅमेरा उकरून काढला.

30 जानेवारी 1948 ला हाच माणूस दिल्लीत गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. तो बिर्ला हाउसला परतला. नामांकित अमेरिकन फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइटही आत पोहोचली होती. तिचा फ्लॅश उडाला, शोकात बसलेली माणसं भडकली, फिल्म गेली. कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश वापरत नसे. त्याचे त्या संध्याकाळचे फोटो जगाने पाहिले. दुःखात बसलेल्या माणसासमोर चमकू नये, एवढं शहाणपण मला त्या पट्टीत दिसतं.

येताना लागलेल्या सिकंदरबागेची गोष्ट उलटी. 16 नोव्हेंबर 1857 ला तिथे सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. 1858 मध्ये फेलिचे बिआतो तिपाईवरचा अवजड कॅमेरा घेऊन आला. अंगणात विखुरलेल्या हाडांचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. ती हाडं फोटोसाठी मुद्दाम मांडली होती, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याला लपायची गरजच नव्हती. हरकत घ्यायला कोण उरलं होतं?

आता कॅमेरे मुळातच काळे आलेत. तरी लोक पट्टी लावतात, कारण नाव म्हणजे किमतीची चिठ्ठी. गर्दीत चोराला दिसते, आणि फुकटची जाहिरात होते ती वेगळीच. कंपनीलाही हे कळलं. 2011 मध्ये लायकाने एम 9-पी काढला. पुढचा लाल ठिपका गायब, पडद्याला भक्कम काच, आणि किंमत साध्या एम 9 पेक्षा जास्त.

हे मियाँना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाम हटाने के भी पैसे?" म्हणाले, आणि माझी सुटत आलेली पट्टी काढून नवी लावून दिली. दहा रुपये घेतले.