विरामकालाचे गणित

अनेक माणसे एकाच वेळी वापरणार असलेल्या डेटाबेससाठी किती सामर्थ्याचे यंत्र घ्यावे, हा प्रश्न निघाला की प्रथम माणसे मोजण्याकडे प्रवृत्ती होते. ती कशी अपुरी आहे, हे अमेरिकेतील एका बँकेच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

इ. स. १९७३ मध्ये या बँकेस आपल्या १,००० शाखा, १०,००० रोखपाल व १ कोटी खाती संगणकास जोडावयाची होती. कमाल भार धरला होता तो सेकंदास १०० व्यवहारांचा. रोखपाल दहा हजार आणि व्यवहार अवघे शंभर! परंतु रोखपाल काही अखंड कळा दाबीत बसत नाही. तो पावती पाहतो, नोटा मोजतो, समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलतो. प्रत्येकाकडून १०० सेकंदांस एक व्यवहार येतो असे मानले की भागाकार बरोबर उतरतो. या विरामास तज्ज्ञ 'विचारकाल' म्हणतात. (व्याकरणकारांनीही बोलण्यातील विरामाची फारशी मोजदाद केलेली नाही, तेव्हा यंत्रज्ञांस एकट्यांस दोष का द्यावा?)

हे उदाहरण जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये 'डेटामेशन' मासिकात, नाव न देता, यंत्रांच्या तुलनेचे माप म्हणून मांडले. शंभरांपैकी ९५ व्यवहारांस एका सेकंदाच्या आत उत्तर मिळावे, ही त्यातील अट. पुढे विक्रेत्यांनी एक सोयीस्कर युक्ती केली. रोखपाल आणि विचारकाल दोन्ही वगळून त्यांनी व्यवहारांची रास थेट यंत्रात ओतली. आकडे अर्थातच फुगले. कारण हजारो टर्मिनले जोडून ठेवण्यास लागणारी स्मृती व तारायंत्रणा हिशेबातून गळली होती. गप्प बसलेला रोखपालही यंत्रात जागा अडवितोच! या गोंधळातूनच १९८८ मध्ये 'ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल' ही संस्था निघाली. तिच्या १९८९ च्या पहिल्या मापात टर्मिनले परत आली, मात्र दोन व्यवहारांतील सरासरी अंतर १०० वरून १० सेकंदांवर आले. ही तडजोड मला तितकीशी पटत नाही. सेकंदास एका व्यवहारामागे जेथे शंभर रोखपाल लागत, तेथे आता दहाच पुरू लागले.

म्हणून हिशेब दोन करावे लागतात. स्मृती ठरते जोडलेल्या माणसांवरून; प्रोसेसर व तबकड्या ठरतात मागण्यांच्या वेगावरून. पाचशे माणसे २५ सेकंदांस एकदा विचारीत असतील तर सेकंदास २० मागण्या येतील. तीच माणसे दर ५ सेकंदांस विचारू लागली तर १००. तेव्हा यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी कचेरीत घड्याळ घेऊन एक सकाळ बसावे, आणि शक्य तर ती महिनाअखेरीची असावी.