किनाऱ्याची धूप

समुद्राच्या लाटा, भरती-ओहोटी आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह यांमुळे किनाऱ्यावरील खडक झिजतात, वाळू व माती वाहून जाते आणि किनारारेषा जमिनीच्या दिशेने मागे सरकते. या प्रक्रियेला किनाऱ्याची धूप असे म्हणतात. शालेय भूगोलात हा विषय ‘सागरी लाटांचे कार्य’ या शीर्षकाखाली येतो आणि खनन, वहन व संचयन अशा तीन भागांत शिकवला जातो. प्रत्यक्षात हे तिन्ही भाग एकाच व्यवहाराचे आहेत. एका ठिकाणी सुटलेली वाळू दुसऱ्या ठिकाणी पुळण म्हणून साठते. त्यामुळे एखाद्या किनाऱ्याच्या धुपीचा विचार करताना तेथे किती वाळू येते आणि तेथून किती जाते, याचा जमाखर्च मांडावा लागतो.

लाटांची निर्मिती व स्वरूप

समुद्रावरील बहुतेक लाटा वाऱ्यामुळे निर्माण होतात. वाऱ्याचा वेग, तो किती काळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावर किती अंतरापर्यंत वाहतो, या तीन गोष्टींवर लाटेचा आकार अवलंबून असतो. लाटेच्या उंच भागास शीर्ष व खोलगट भागास द्रोणी म्हणतात. लगतच्या दोन शीर्षांमधील अंतर म्हणजे लाटेची लांबी आणि शीर्ष व द्रोणी यांमधील उभे अंतर म्हणजे लाटेची उंची होय.

खोल समुद्रात लाटेबरोबर ऊर्जा पुढे जाते. पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरते. म्हणून पाण्यावर तरंगणारी वस्तू लाट येताच वरखाली होते, परंतु लाटेच्या वेगाने पुढे जात नाही. लाटेच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीखाली ही हालचाल नगण्य होते. पाण्याची खोली याहून कमी झाली की लाटेचा तळाशी संबंध येतो. तिचा वेग मंदावतो, लांबी घटते, उंची वाढते आणि शेवटी ती फुटते. फुटलेल्या लाटेचे पाणी उतारावर चढते व पुन्हा परत फिरते. शांत ऋतूतील ठेंगण्या व लांब लाटांचे चढते पाणी प्रबळ असल्याने वाळू किनाऱ्यावर येते. वादळी ऋतूतील उंच व लागोपाठ येणाऱ्या लाटांचे परतते पाणी प्रबळ असल्याने वाळू समुद्राकडे ओढली जाते. कोकणातील पुळणी पावसाळ्यात अरुंद होतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात पुन्हा भरतात, त्याचे हेच कारण आहे.

खननाच्या प्रक्रिया

लाटा खडकावर मुख्यतः चार प्रकारे कार्य करतात.

जलदाब : लाट आदळताना खडकाच्या भेगांतील हवा दाबली जाते व लाट ओसरताच ती झटकन प्रसरण पावते. वारंवार असे घडल्याने भेगा रुंदावतात आणि खडकाचे तुकडे सुटतात.

अपघर्षण : लाटांबरोबर येणारे वाळू, गोटे व दगड कड्याच्या पायथ्यावर आदळून तो कोरून काढतात.

सन्निघर्षण : हे दगडगोटे परस्परांवर घासून लहान व गोलाकार होतात आणि अखेरीस त्यांची वाळू बनते.

द्रावण : चुनखडीसारखे खडक पाण्यात अंशतः विरघळतात.

खननातून निर्माण होणारी भूरूपे

कड्याच्या पायथ्याशी प्रथम खाच पडते. ती खोलवर गेल्यावर वरचा भाग निराधार होऊन कोसळतो. अशा रीतीने सागरी कडा मागे सरकत जातो आणि त्याच्यापुढे खडकाचा जवळजवळ सपाट ओटा उरतो. या ओट्यास तरंगघर्षित मंच म्हणतात. हा मंच साधारणतः भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो व ओहोटीला उघडा पडतो. खडकाच्या कमकुवत भागात सागरी गुहा तयार होतात. भूशिराच्या दोन बाजूंच्या गुहा एकमेकींना मिळाल्यास सागरी कमान बनते आणि कमानीचे छत कोसळल्यावर समुद्रात एकाकी सागरी स्तंभ उरतो.

रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे सावित्री नदीच्या मुखाजवळ ही प्रक्रिया स्पष्टपणे पाहता येते. मंदिरामागील प्रदक्षिणामार्ग बेसाल्ट खडकातील सागरी कड्याच्या पायथ्याने जातो. तेथे तरंगघर्षित मंच, खाचा आणि क्षारयुक्त तुषारांमुळे खडकाला पडलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. दक्षिण कोकणात अनेक ठिकाणी कड्याचा वरचा थर जांभ्याचा असतो. जांभ्याचे कवच कठीण असले तरी त्याखालची चिकणमाती मऊ असते. ती लाटांनी व झिरपत्या पाण्याने निघून गेली की वरचे चिरे मोठ्या ठोकळ्यांच्या रूपाने खाली येतात.

वहन व संचयन

लाटा बहुधा किनाऱ्याला तिरप्या येतात. चढते पाणी वाळूचे कण तिरपे वर नेते आणि परतते पाणी त्यांना उतारावरून सरळ खाली आणते. अशा नागमोडी मार्गाने वाळू किनाऱ्यालगत एका दिशेने सरकत राहते. खोलीतील फरकामुळे लाटा भूशिराभोवती वळतात व त्यांची ऊर्जा तेथे एकवटते. दोन भूशिरांमधील उपसागरात ती विखुरते. म्हणून भूशिरे झिजतात आणि त्यांच्यामधल्या भागात पुळणी तयार होतात. कोकणातील बहुसंख्य पुळणी अशाच दोन भूशिरांच्या कुशीत वसलेल्या आहेत.

वाळूचा प्रवाह नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी मंदावला की वाळूचा दांडा तयार होतो. दांड्यामुळे समुद्रापासून अंशतः अलग झालेल्या उथळ खाऱ्या जलाशयास भूगोलात खाजण म्हणतात. कोकणात व गोव्यात मात्र हाच शब्द खाडीकाठच्या भरतीच्या पाण्याखालील सखल जमिनीसाठीही वापरला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये वाळूची अरुंद पट्टी आहे. या पट्टीवर देवबाग हे गाव वसले आहे. येथे संचयनाने निर्माण झालेल्या भूरूपावरच धुपीचे संकट आहे. पावसाळ्यात समुद्राच्या बाजूने उधाणाच्या लाटा आणि खाडीच्या बाजूने पुराचा प्रवाह या पट्टीची वाळू हलवतात. लाटांनी आणलेल्या वाळूवर वसलेल्या जमिनीला स्थिर किनारा समजता येत नाही, हे देवबागच्या उदाहरणावरून लक्षात येते.

भरती, उधाण व वादळे

लाट किती उंचीवर आदळेल हे भरती ठरवते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते. कोकण किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक उत्तरेकडे अधिक व दक्षिणेकडे कमी आहे. मुंबईत उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी ४.५ मीटरहून वर जाते. उधाण, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या मोठ्या लाटा आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर एका दिवसातही पुळणीचे रूप बदलू शकते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले. या दोन्ही वादळांत किनारी गावांचे मोठे नुकसान झाले.

मानवी कारणे

पुळणीला मिळणारी वाळू नद्या, झिजणारे कडे व शंख-शिंपल्यांचा चुरा यांतून येते. धरणे गाळ अडवतात आणि खाड्यांतील वाळूउपसा तो मध्येच काढून घेतो. पूर्वी हातपाटीने वाळू काढली जात असे. यांत्रिक पंपांमुळे उपशाचे प्रमाण पुष्कळ वाढते. वाळूच्या टेकड्या सपाट करून बांधलेली घरे व रस्ते पुळणीचा राखीव साठाच हिरावून घेतात. जागतिक सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.२० मीटरने वाढली आहे. त्यामुळे लाटांचा मारा पूर्वीपेक्षा अधिक उंचीवर पोहोचतो.

वाळूचा प्रवाह अडवल्याचे भारतातील ठळक उदाहरण चेन्नई येथील आहे. पूर्व किनाऱ्यावर वाळूचे निव्वळ वहन उत्तरेकडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बंदराच्या भिंती समुद्रात बांधल्या गेल्या. त्यांच्या दक्षिणेस वाळू अडून मरीना पुळण रुंदावली, तर उत्तरेकडील रॉयपुरमचा भाग वाळूअभावी खचत गेला. पुदुच्चेरीतही १९८० च्या दशकात बंदर बांधल्यावर शहरासमोरील पुळण नष्ट झाली.

संरक्षणाचे उपाय

महाराष्ट्रात धुपीवर सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लाटांचा जोर मोडण्यासाठी चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, रचलेले आहेत. बंधारा त्याच्यामागील जमिनीचे रक्षण करतो. समोरच्या पुळणीचे करत नाही. त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उचलते, तर बंधाऱ्याच्या टोकापलीकडील उघड्या भागात धूप वाढू शकते. पायथ्याची वाळू गेल्यावर दगड खचतात व दुरुस्ती करावी लागते. रत्नागिरीजवळील मिऱ्या येथे हा अनुभव वारंवार आला आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील मॅपल्टन गावासाठी १९९१ मध्ये वाळू अडवणारे दगडी बांध घालण्यात आले. गाव वाचले, परंतु दक्षिणेकडील मातीच्या कड्यांची झीज वाढली.

पुळणीवर बाहेरून वाळू घालणे, वाळूच्या टेकड्या राखणे, खाडीकाठी कांदळवने जपणे हे तुलनेने मृदू उपाय होत. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची मुळे व फांद्या सुटी वाळू धरून ठेवतात. समुद्राची सीमा दाखवणारी म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगितले जाते. पुळण टिकल्यास केवळ वस्तीच नव्हे, तर रापण ओढणाऱ्या मच्छीमारांची जागा आणि वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचा अधिवासही टिकतो. कासवांना अंड्यांसाठी भरतीरेषेवरची कोरडी वाळू लागते आणि बंधाऱ्याचे दगड त्यांची वाट अडवतात. भारतात किनारी भागातील बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली. २०११ व २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली.

मोजमाप

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह-चित्रांच्या आधारे भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यानुसार ३३.६ टक्के किनाऱ्यावर धूप, २६.९ टक्के किनाऱ्यावर संचयन झाले आणि ३९.६ टक्के किनारा स्थिर राहिला. पश्चिम बंगालमध्ये धुपीचे प्रमाण ६०.५ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के आढळले. महाराष्ट्राचा आकडा तुलनेने लहान दिसण्यामागे खडकाळ किनाऱ्याचा मोठा वाटा आहे. वाळूच्या किनाऱ्यावरील एखाद्या गावाची स्थिती त्यावरून ठरवता येत नाही. त्याचप्रमाणे पावसाळ्यात पुळण अरुंद होणे म्हणजे कायमची धूप नव्हे. अनेक वर्षे एकाच ऋतूत केलेल्या मोजणीतच किनारा खरोखर मागे सरकत आहे किंवा नाही हे कळते.

शालेय अभ्यासक्रमात

महाराष्ट्र राज्याच्या २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या पाठ्यपुस्तकांत इयत्ता सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचे व नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रियांचे पाठ आहेत. नववीत सागरी लाटांच्या कार्यातून निर्माण होणारी भूरूपे अभ्यासली जातात. २०१८ मध्ये प्रकाशित झालेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातील पहिला पाठ नळदुर्ग ते अलिबाग या क्षेत्रभेटीवर आधारित आहे. सागरी कडा किंवा पुळण आकृतीत स्थिर दिसते. किनाऱ्यावरील एखाद्या पक्क्या खुणेपासून भरतीरेषेपर्यंतचे अंतर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर टेपने मोजले, आणि ही नोंद दरवर्षी ठेवली, तर आकृतीतील रेषा प्रत्यक्षात सरकते हे विद्यार्थ्यांना समजते. किनारी गावांतील शाळांसाठी अशा नोंदींना आणखी एक महत्त्व आहे. बंधारा कोठे हवा, घर किती मागे बांधावे आणि कोणती जागा समुद्रासाठी मोकळी सोडावी, हे ठरवताना गावाकडे स्वतःची माहिती उपलब्ध राहते.