उपनगरातला रस्सा

चांगले हॉटेल कसे शोधावे हे कॉमर्सच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, ही त्या अभ्यासक्रमातली मोठीच उणीव आहे. डेबिट-क्रेडिट शिकवतात, हुंडी शिकवतात. पण परक्या गावात दुपारी दीड वाजता पोटात कावळे ओरडत असताना कुठल्या दारातून आत शिरावे, याबाबतीत बी.कॉम. झालेला माणूस बी.ए. झालेल्याइतकाच अडाणी असतो. मी मात्र बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून बसून माझ्यापुरता एक नियम केला आहे. अर्ज किराणा दुकानाचा असो की पिठाच्या गिरणीचा, पहिला प्रश्न एकच : गिऱ्हाईक कोण? हॉटेलाचेही तेच. पाटी वाचू नये, मेनूकार्डाची जाडी पाहू नये. आत कोण बसून जेवतेय ते पाहावे.

हा नियम लंडनच्या हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी हॉटेलांना किती चपखल बसतो, ते मी हॅरोला मेहुण्यांकडे तीन आठवडे मुक्काम ठोकून पाहिले. परत आल्यावर पुस्तके चाळून खात्रीही करून घेतली. (“माझ्या भावाकडे राहायचं, जेवायला त्याच्याच पैशानं बाहेर जायचं, आणि वर त्याला संशोधन म्हणायचं,” ही आमच्या घरातली टीप. इतिहासकाराने असल्या टिपा मनावर घ्यायच्या नसतात.)

या खात्यातली पहिली नोंद १८१० सालची आहे. शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाने त्या वर्षी लंडनमध्ये पोर्टमन स्क्वेअरजवळ, ३४, जॉर्ज स्ट्रीट या पत्त्यावर ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ उघडले. जन्म पाटण्याचा, तरुणपणी कंपनीच्या बंगाल फौजेत चाकरी, मग आयर्लंडात कॉर्क इथे बिऱ्हाड आणि तिथल्याच मुलीशी लग्न. शिवाय १७९४ साली प्रसिद्ध झालेले स्वतःचे प्रवासवर्णन. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानतात. जामीनदार म्हणून कुठल्याही शाखेला आवडावा असा माणूस! कॉफी हाऊसमध्ये कॉफीला फारसा मान नव्हता. वेताच्या खुर्च्या, भिंतीवर हिंदुस्थानची चित्रे, ओढायला हुक्का आणि खायला मसालेदार जेवण. सगळे कसे झकास.

पण गिऱ्हाईक कोण? तर हिंदुस्थानात गडगंज पैसा करून परत गेलेले कंपनीचे साहेब. इथे मी पेन खाली ठेवतो. या साहेबांपैकी बऱ्याच जणांनी येताना शालींबरोबर नोकरचाकरही आणले होते. ज्याच्या घरात मसाला वाटणारा माणूस बसून आहे, तो हुक्का ओढायला गाडी जुंपून जॉर्ज स्ट्रीटला कशाला येईल? दोन वर्षांत, १८१२ साली, दीन महंमदांचे दिवाळे वाजले.

माणूस मात्र खचला नाही. आधी त्यांनी नोकरी पाहिजे अशी जाहिरात दिली. मग ब्रायटनला जाऊन वाफेचे स्नान आणि मालिश यांचा धंदा काढला, आणि तो असा चालला की चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे अधिकृत ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाले. शॅम्पू म्हणजे मुळात आपली चंपीच. इंग्रजाच्या जिभेला जे पटले नाही ते त्याच्या पाठीला पटले.

त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १९२६ साली, एडवर्ड पामर यांनी रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ काढले. त्यांना अनुभव होता तो १९२४ च्या वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनातला. तिथे हिंदुस्थानच्या दालनातल्या खाण्यापिण्याचे ते सल्लागार होते. वेम्बली हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे हॉटेल चालले. आता निवृत्त साहेब परत यायचे ते आठवणी घेऊन, आचारी न घेता.

पण ही झाली बड्यांची गोष्ट. इंग्लंडच्या गल्लीबोळांत रस्सा पोचवला तो सिल्हेटच्या खलाशांनी. आगबोटींच्या तळाशी कोळसा ओढणारी ही माणसे. काही जण बंदरात उतरत ते परत बोटीवर चढतच नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातल्या काहींनी बॉम्बने पडझड झालेली स्वस्तातली उपाहारगृहे घेतली. मासे-चिप्स होतेच, बाजूला करी-भात ठेवला. रात्री अकराला पब बंद होत आणि तर्र झालेला इंग्रज यांच्या दारात येई, कारण दुसरे काही उघडेच नसे. पाटीवर ‘इंडियन’. सिल्हेट १९४७ साली पाकिस्तानात गेले, १९७१ साली बांगलादेशात आले. मालकाचे पासपोर्ट बदलले, पाटी होती तशीच राहिली. खातेदाराच्या नावात एवढे बदल झाले असते तर आम्ही प्रतिज्ञापत्र मागितले असते!

स्वयंपाकाची रीतही धंद्याला साजेशी. कांद्याचा एकच रस्सा मोठ्या पातेल्यात तयार. त्यात मलई पडली की कोर्मा, तिखट पडले की विंदालू. आमच्या शाखेतल्या म्हापशाच्या कॅशियरांना हे सांगितले तर त्यांनी नोटा मोजायच्या थांबवल्या. “व्हिनिगर नाही? मग त्याला विंदालू कशाला म्हणतात?” मी काय सांगणार? ते अकरानंतरच्या गिऱ्हाइकासाठी होते. मालकाची माणसे मागच्या बाजूला आपला मासे-भात जेवत.

आता माझ्या शास्त्राचा गाभा. पुढच्या टेबलावर आणि मागच्या खोलीत एकच जेवण असेल ते हॉटेल चांगले. आणि ते सापडते उपनगरात, कारण खाणारा तिथे राहतो.

साउथॉलचेच पाहा. शेजारच्या हेज गावातल्या रबराच्या कारखान्यात १९५० च्या सुमारापासून पंजाबी कामगार लागले. जवळच हीथ्रो विमानतळ, तिथेही पाळ्या. पाळीवरून सुटलेल्या माणसाला मलई घातलेला कोर्मा नको असतो, त्याला तंदुरी रोटी आणि डाळ लागते. तेच तिथे मिळू लागले. इथल्या ‘ग्लासी जंक्शन’ नावाच्या पबमध्ये बिअरचे पैसे चक्क रुपयांत घेत. परकीय चलनाचे असे कौंटर बंद झाले याचे बँकवाला म्हणून मला दुःख आहे. पण हे गाव नुसते रोटीवर उभे राहिलेले नाही. १९७६ साली गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा इथे भररस्त्यात खून झाला, आणि पोरे रस्त्यावर उतरली. आज आपण त्याच रस्त्याने जिलबी खात फिरतो.

पाकिस्तानी जेवणाची नोंद आणखी दूर जाते. झेलम नदीवर मंगला धरण झाले, १९६७ साली पुरे झाले, आणि मीरपूर भागातली लाखभर माणसे हलली. त्यांतली पुष्कळ ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅमला गेली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक भागात पुढे ‘बाल्टी’ निघाली. पातळ लोखंडी कढईत भर आचेवर केलेले मटण त्याच कढईतून समोर येते. नानने पुसून खायचे. चमचा मागितलात तर देतात, पण बघतात. कोयनेच्या धरणाने उठलेली माणसे आपण पाहिली आहेत. म्हणून ती कढई समोर आली तेव्हा मला धरण आठवले, हे मी मेहुण्यांना सांगितले. “भाऊजी, गरम आहे तोवर खा,” ते म्हणाले.

आणि वेम्बली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. सुमारे २८,००० माणसे ब्रिटनमध्ये आली. बरोबर न्यायची रोख रक्कम इतकी थोडी की आमच्याकडे त्यावर बचत खातेही जेमतेम उघडेल. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्या गावी येऊ नका. जाहिरात वाचून गावाचे नाव ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही कळले असणार! लेस्टरला माणसे गेलीच. वेम्बलीतही गुजराती वस्ती वाढली, आणि ईलिंग रोडवर ढोकळा, कचोरी, भेळ यांची दुकाने लागली. साम्राज्याने जिथे हिंदुस्थान दालनात मांडून दाखवला, त्याच गावात आज शनिवारी संध्याकाळी पाणीपुरीसाठी रांग लागते. नेहरू शर्टातले आजोबा रांगेत मधेच घुसतात, हेही घरच्यासारखे.

मराठी माणूस या इतिहासात जरा उशिरा येतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. पण मंडळ काढणे वेगळे आणि हॉटेल काढणे वेगळे. शेवटी २०१० साली, मंदीच्या दिवसांत, मुंबईच्या दोन मित्रांनी हाउन्स्लोला वडापाव विकायला सुरुवात केली. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावर विमानतळाच्या गणवेशातल्या दोन बायका सुक्या चटणीवरून मराठीत भांडत होत्या. गिऱ्हाईक योग्य आहे, असा शेरा मी मनातल्या मनात मारला. मग वड्याच्या पौंडातल्या किमतीला रुपयांनी गुणायला लागलो, तेवढ्यात हिने माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि आणखी दोन सांगितले.