देवी पुढच्या गावाला गेली

सुरतेच्या आग्नेय अंगास लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या वस्त्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली असंख्य कुटुंबे या भागात स्थिरावली. पुरुष यंत्रमागावर, रंगाईच्या कारखान्यात किंवा कापडबाजारात राबतात. घरोघरी अहिराणी ऐकू येते. येथल्या एखाद्या कामगाराला दारू सोडावीशी वाटली, तर त्याने कोणापाशी जावे? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातेने कायम ठेवला. दारू विकणे हा तेथे गुन्हा आहे, तसाच ती पिणे हाही. ज्या राज्यात कागदोपत्री दारूच नाही, तेथे "मी दारूच्या आहारी गेलो आहे" असे चार माणसांत म्हणणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे वाटते. दारू चोरून मिळते. मदतही मग चोरूनच मागावी लागते.

आणि तरीही, चारचौघांत बसून दारू सोडण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे.

त्याची पार्श्वभूमी अशी. मोहाच्या फुलांची दारू आदिवासी घरीच गाळीत असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने ते बंद झाले, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि दारू दुकानातूनच घेण्याची सक्ती आली. या भागातील दुकाने बहुतांशी पारशी मक्तेदारांकडे होती. पिणारा तेथे उधारीत अडकू लागला, आणि उधारीपायी कित्येकांच्या जमिनी गेल्या. सरकारी तिजोरी मात्र भरत राहिली.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळीवस्त्यांतून सालाबाई देवीचे वारे उठले. डोंगर चढून, डांगचे रान ओलांडून ते नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोचले. गावोगावचे आदिवासी मांडवाखाली जमत. अंगात आलेली माणसे डोके घुमवीत आज्ञा सांगत: दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, रोज स्नान करा, दारूविक्रेत्याच्या कामावर जाऊ नका. सांगणारा बाहेरचा उपदेशक नव्हता. काल शेजारी बसून प्यायलेलाच आज बोलत होता, आणि म्हणूनच त्याचे ऐकले जात होते. हजारोंनी दारू सोडली, दुकाने ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

पुढे काय झाले, हे अधिक मोलाचे आहे. देवी एका गावात थोडे दिवस राही आणि पुढच्या गावाला जाई. ती गेल्यावर मांडव उतरे. काही महिन्यांत अनेकजण पुन्हा पिऊ लागले. चौधरी समाजात तर शपथ पाळणारे 'वरजेला' आणि जुन्या वाटेला परतलेले 'सरजेला' असे दोन तट पडले. परतलेल्यांना दुबळे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरी उणीव मांडवाची होती: तो पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहत नव्हता.

हीच उणीव भरून काढणारी रीत तेरा वर्षांनी अमेरिकेत, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी सापडली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल तेथे व्यवहारासाठी आला होता आणि व्यवहार फसला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या दालनात एका बाजूला मद्यगृह, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि एका पाद्र्यामार्फत दुसऱ्या मद्यपीचा शोध घेतला. १२ मे १९३५ रोजी डॉ. रॉबर्ट स्मिथ हे शल्यविशारद पंधरा मिनिटांच्या बोलीवर त्याला भेटले आणि रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची हकिकत सांगितली. डॉक्टरांनी त्याच वर्षी १० जूनला शेवटचा पेला घेतला. तो दिवस 'अल्कोहॉलिक्स अनॉनिमस', म्हणजे निनावी मद्यपींच्या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो.

भारतात हे मंडळ १९५७ साली आले आणि मुंबईत रुजले. त्या वेळी मुंबई राज्यातही कडक दारूबंदी होती! गोडादऱ्यातल्या कामगाराची आजची अडचण पहिल्या मुंबईकर सभासदांचीही होती. निनावीपणाची अट त्यांना किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना यावरून करता येते. पुढे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण केंद्र उभे केले. तेथेही उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाने पुन्हापुन्हा भेटत राहावे यावर भर असतो, आणि पत्नींसाठी वेगळा गट चालतो.

एक इशारा येथेच दिलेला बरा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर आकडी येऊन जिवावर बेतू शकते. अशाने आधी डॉक्टरांना गाठावे, मग बैठकीला जावे.

बैठक शोधणाऱ्याला मंडळाच्या मुंबईतील कार्यालयाकडून जवळच्या गटाचा पत्ता विचारता येतो. २०२० पासून दूरध्वनीच्या पडद्यावरही बैठका भरतात. वर्गणी नाही, आडनाव विचारले जात नाही. दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. कोणी बोलतो, कोणी नुसता ऐकतो. मध्यंतरी पुन्हा प्यालेलाही येऊन बसतो, आणि त्याला कोणी सरजेला म्हणत नाही. तासा-दीड तासाने मंडळी उठतात. पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी खुर्च्या पुन्हा मांडल्या जातात.